खळग्यातली बाळंतीण

माझी नात दूरदूरच्या समुद्रांत बुड्या मारून प्रवाळांतील जीवांची छायाचित्रे घेते. आमच्या झाई गावच्या किनाऱ्याचे पाणी मात्र इतके गढूळ, की बुडी मारली तर स्वतःचा हातही दिसू नये. म्हणून आमच्याकडे आली की ती ओहोटीची वाट पाहते आणि उघड्या पडलेल्या खडकांतील खळग्यांवर ओणवी होऊन बसते. त्या सकाळी पत्नी आणि मीही तिच्यासोबत गेलो होतो.

ओंजळभर पाण्याच्या एका खळग्यात तिला समुद्रातील बिनशंखाची गोगलगाय सापडली. नखाएवढी, निळसर, पाठीवर केशरी पिसारा. ती अंडी घालीत होती; त्यांची पांढरी फीत दगडावर वेढे घेत उलगडत होती.

"आजोबा, या किनाऱ्यावर मला हे कधीच मिळालं नव्हतं. वेढा पुरा होईपर्यंत कुणी हलू नका."

पत्नीने वाकून पाहिले. "अगं, ही तर बाळंतीण!" असे म्हणत, सागरपूजेसाठी आणलेल्या गंगाजलाचा गडू तिने त्या खळग्यात रिता केला. आमच्या घरी बाळंतिणीवर गंगाजल शिंपडतात. या जीवालाही ते लाभावे, एवढीच तिची श्रद्धा.

शेजारी कालवे फोडणारी बाई खदखदून हसली. "आजी, दर्याला गोडं पानी पाजतेस काय गो?"

गोड्या पाण्याने तो जीव आक्रसला. पिसारा मिटला, फीत अर्ध्यावर तुटली. पत्नी गुडघ्यांवर बसून ओंजळीने पाणी उपसू लागली.

"आजी, हात काढ," नात म्हणाली.

"अगं, मरेल ती!"

"मारलीसच तू. आता निदान सावली तरी पाडू नकोस."

मी तोच गडू समुद्राच्या पाण्याने भरून आणला. नातीने खळग्यावर तळहात आडवा धरला. "नको, आजोबा. पाणी हललं की चित्र बिघडतं. आणि या जीवाला मरताना कुणी इतक्या जवळून टिपलेलं नाही."

मग ती संथपणे टिपत राहिली. तो जीव एकदा उलटला, पुन्हा सुलटा झाला नाही.

परतताना पत्नीने विचारले, "फार त्रास झाला का गं तिला?"

नातीने कॅमेरा तिच्यापुढे धरला आणि चित्र मोठे केले. पत्नीने मान फिरवली, "पुरे," म्हणाली. नातीने ते आणखी मोठे केले.