महादेवाच्या ओट्यावर मोरी

माझी बुढी, माझी बायको, गेली तेव्हापासून देव आहे की नाही, याचा मला भरवसा राहिला नव्हता. तिने जन्मभर महादेवाचं केलं आणि तिलाच त्याने उचललं. मागे राहिलो मी आणि मोरी, आमची गाय. बुढीने तिला कालवड असल्यापासून वाढवलेली. घरात माझ्याशिवाय जिवंत असं तेवढंच उरलं होतं.

यंदा श्रावणात मोरी मागच्या पायाने लंगडू लागली. खुराच्या दोन नख्यांच्या मधात सूज आली, घाण वास सुटला. मी म्हटलं, खुरी आली. आमच्याकडे खुरी आली की जनावर नाल्याच्या चिखलात उभं करतात. पायाला गारवा मिळतो, माशी बसत नाही. माझ्या बापाने केलं, त्याच्या बापाने केलं. मीही मोरीला रोज नेऊन उभी करू लागलो. शाळा मी दुसरीतच सोडली, पण गुरांतलं कोणी मला शिकवावं असं काही नव्हतं. पाय मात्र सुजतच चालला. दूध आटलं, वैरणीला तोंड लावेना, उठताना कण्हायची. बुढीही शेवटी अशीच भिंत धरून उठायची. तेव्हा माझ्या हातात काही नव्हतं. पण हिला मरू द्यायची नाही, हे मी मनाशी पक्कं केलं.

एका सकाळी गोठ्यात घोटाभर चिखल झाला आणि पाऊस काही उघडेना. माझं डोकं फिरलं. रस्त्याच्या कडेला महादेवाचं देऊळ आहे, पुढे दगडी ओटा, वर टिनाचं छप्पर. तीन पायांवर उड्या मारत आलेल्या मोरीला मी कशीबशी ओट्यावर चढवली, खांबाला बांधली आणि पिंडीकडे पाहून ओरडलो, "हिची मालकीण नेली, आता हिले बी ने! माह्यानं नाही होत. तुही गाय तूच सांभाळ!"

गुरव धावत आला. "आबा, हे देऊळ हाये का कोंडवाडा? शेण पडलं तं कोण काढीन?"

"मी काढीन. देव काय तुह्या एकट्याचा हाये?"

"मंग त्याच्याशीच भांडा ना, माह्यावर कायले वरडता!"

आमचं असं चाललेलं असताना अनसिंग गावाकडून एक बाई स्कूटीवर आली आणि थांबली. पुढे रस्त्यावरून नाल्याचं पाणी चाललं होतं. पाणी उतरेपर्यंत आडोसा म्हणून ती वर आली, आणि देवाला हात जोडायच्या आधी मोरीच्या पायापाशी बसली. गुरांची डॉक्टर होती, बदलीच्या गावी निघालेली. तिने मोरीचं तोंड उघडून पाहिलं.

"आबा, हिला लाळ नाही, तोंडात फोड नाहीत. ही ती लाळ-खुरकुताची खुरी नव्हे. खुराच्या मधातलं मांस सडतंय. चिखलात उभी करता का हिला?"

"मंग कुठं करू? गादीवर?"

"चिखलातूनच हा रोग जखमेत शिरतो. तुम्हाला गाय बरी करायची आहे, की बापाची रीत खरी करायची आहे?"

 ती ओट्याकडे पाहून हसली. म्हणाली, "जागा मात्र बरोबर निवडली. याहून कोरडी जागा गावात नसेल. बरी होईपर्यंत इथून हलवू नका, दुसरं जनावर जवळ येऊ देऊ नका." तिने इंजेक्शन दिलं. पाय धुऊन, कोरडा करून औषध लावायचं काम माझ्याच हातून करून घेतलं. पुढची इंजेक्शनं कोणाला बोलावून द्यायची तेही सांगितलं. पाणी ओसरलं, ती गेली. नाव विचारायचं राहूनच गेलं.

मी ओट्यावरच मुक्काम टाकला. सकाळ-संध्याकाळ पाय धुवायचा, पुसायचा, औषध लावायचं. शेण पडलं की उचलायचं, दगड कोरडा करायचा. लाथा खाल्ल्या, पण पाय सोडला नाही. लोक म्हणायचे, "आबा संन्यास घेऊन राह्यले वाटते!" मी म्हणायचो, "हासा लेकहो, पण तुमची ढोरं त्या चिखलात नेऊ नका." गुरवाने शिव्या दिल्या आणि कोरडा कडबाही आणून दिला.

हळूहळू वास गेला, सूज उतरली. एकदा मी पाय धुवायला वाकलो, तर मोरीने दुखरा पाय दगडावर दाबून टेकवला आणि दुसऱ्या पायाने पोटावरची माशी हाकलली.  माझ्या तोंडातून निघालं, "बुढे, पाह्यलं काय वं?"

ती बाई देवाने पाठवली का, हे मला सांगता येणार नाही. नाल्याला पाणी होतं म्हणून ती थांबली, एवढंच मी पाहिलं. रागात का होईना, मी मोरी त्याच्या पायापाशी नेली, आणि तिथे माझा शहाणपणा खाली ठेवला गेला. त्याआधी तो माझ्याने ठेववत नव्हता. बुढीला का नेलं ते त्याने मला सांगितलं नाही. पण मोरी उभी आहे, आणि त्याचे हे उपकार मी नाकारणार नाही.

तिला घरी आणायच्या आधी गोठ्यातला चिखल उपसला आणि मुरूम टाकला. धुमस घेऊन एकटाच ठोकत बसलो. या वयात हात भरून येतात. पण दर ठोक्याला मी म्हणत होतो, महादेवा, गाय तुही हाये, मी राखून राह्यलो.