हमदम उस्ताची एक थाप

कोकंद शहराच्या जुन्या बाजारात, चाकू-कात्र्यांच्या ओळीच्या टोकाला हमदम उस्ताची टपरी. आत एक माणूस बसला की दुसऱ्याने बाहेरच उभं राहायचं, एवढीशी. पण सकाळपासून तिच्यासमोर बायकांची रांग, आणि प्रत्येकीच्या काखोटीला एकेक बिनवायरीचा व्हॅक्युम क्लीनर. आमच्याकडे घरात एक वेळ खुर्ची नसेल, पण या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गालिचा हवाच. आणि गालिचा म्हटला की धूळ आली, ती काय कुणाच्या बापाला चुकली आहे? त्यामुळे ही मशीनं बाजारात आली तेव्हा लोक तुटून पडले. वायरची ओढाताण नाही, प्लगची शोधाशोध नाही. दोन वर्षं नुसती चैन. तिसऱ्या वर्षी मशीन सात मिनिटांत मान टाकायला लागतं, आणि बाई निघते उस्ताकडे.

उस्ता म्हणजे आमच्याकडे कारागीर; हमदम पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचा, मग टीव्ही, मग मोबाइल. आता पंचावन्नाव्या वर्षी बॅटऱ्यांवर येऊन टेकला होता. मशीनची मूठ उघडायची, आतले सहा-सात सेल काढायचे, नवे जोडायचे. ऐकायला सोपं आहे. पण बाजारातल्या निम्म्या सेलांत बाहेर झकपक कागद आणि आत माती! म्हणून उस्ताकडे सोनाराचा काटा होता. प्रत्येक सेल तो वजन करून घ्यायचा. हलका भरला की विकणाऱ्याच्या तोंडावर परत.

आणि स्वभाव? सरळ म्हणजे इतका सरळ की धंद्याला मारक. किंमत सांगायच्या आधी तो दोष सांगायचा. "बॅटरी नवी घालतो, पण मोटर आवाज करतेय, वर्षभरात जाईल. मग माझ्या नावाने बोंब मारायची नाही." जुनं मशीन विकायचं झालं तर त्याच्या मुठीला दोऱ्याने चिठ्ठी बांधायचा आणि चिठ्ठीवर सगळे दोष लिहायचा. एकदा एका मशीनला तीन चिठ्ठ्या लागल्या. गिऱ्हाइकं हसायची, पण जायची त्याच्याकडेच. "हमदमने चांगलं म्हटलं ना? मग डोळे मिटून घे," असं सगळं कोकंद म्हणायचं.

त्याचा खरा संताप एकाच गोष्टीवर होता. आमच्या लोकांना चांगली वस्तू वापरायची म्हटलं की जिवावर येतं. नवी किटली कपाटात, नव्या गाद्या ट्रंकेत, नवं मशीन खोक्यात. पाहुणा येईल, लेकीचं लग्न निघेल, तोवर राहू दे.

"किती दिवस वापरलं?" उस्ता विचारायचा.

"वापरलं? छे हो! नवं कोरं आहे. तीन वर्षांनी काल पहिल्यांदा खोकं फोडलं."

"म्हणजे मेलं."

"न वापरता कसं मरेल?"

"बाई, गाय तीन वर्षं गोठ्यात कोंडलीस, चाऱ्याची काडी घातली नाहीस, आणि आता म्हणतेस, दूध का देत नाही, मी तर एकदाही धार काढली नाही! ठेवायचंच होतं तर अर्धं चार्ज करून ठेवायचं. दर दोन महिन्यांनी बाहेर काढायचं, जरा चालवायचं. पण तुम्ही ऐकाल तर शपथ!"

हे प्रवचन रोज चारदा व्हायचं. रांगेतल्या बायकांना ते पाठ झालं होतं. घरी जाऊन त्या काय करायच्या? दुरुस्त झालेलं मशीन पुन्हा खोक्यात घालायच्या.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर उस्ताच्या एकुलत्या एक लेकीचं, ओयदिनचं लग्न ठरलं. लग्नाला तीन दिवस उरले होते, तेव्हाची गोष्ट. दुपारी रांगेत एक बाई आली. डोक्यावरचा रुमाल पार नाकापर्यंत ओढलेला, हातात शालीत गुंडाळलेलं मशीन. उस्ताने मान वर न करताच विचारलं, "किती दिवस वापरलं?"

"एकदाही नाही," बाई पुटपुटली.

"झालं! अरे, तुम्हा लोकांच्या डोक्यात देवाने मेंदू घातलाय का पेंढा? कशासाठी ठेवलं होतं? माळ्यावर शोभा यावी म्हणून?"

"लेकीच्या रुखवतासाठी."

"किती वर्षं?"

"चार."

"चार वर्षं! त्या पोरीच्या आईला इथे आणून उभी करा माझ्यासमोर, दोन शब्द सांगतो..."

"उभीच आहे," बाईने रुमाल मागे सारला. "सांगा काय सांगायचं ते."

बायको! सबोहत! रांग मग जी काय हसली, की शेजारचा चाकूवाला धार सोडून बघायला आला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. उस्ता मात्र हसला नाही. त्याने ते मशीन हातात घेतलं आणि त्याचा चेहरा उतरला, कारण ते कशासाठी आणलेलं असणार हे त्याच्या क्षणात ध्यानात आलं.

ओयदिनला धूळ सोसत नव्हती. चार वर्षांपूर्वी एकदा गालिचे झाडताना पोरीचा श्वास असा अडकला की दवाखान्यात न्यावं लागलं. डॉक्टर म्हणाले, झाडू बंद, धूळ बंद, नाहीतर पुढे फुप्फुसांना जड जाईल. सबोहतचा त्याच महिन्यात भिशीचा नंबर लागला होता. तिने कुणालाही न सांगता हे मशीन आणलं. आणि आणून काय केलं? गाद्यांच्या खाली ट्रंकेत ठेवलं! सासरी गेल्यावर उपयोगी पडेल म्हणून. आणि माहेरी चार वर्षं पोरगी तोंडाला फडकं बांधून झाडूनेच गालिचे झाडत राहिली, खोकत राहिली. उस्ता दुकानातलं एखादं जुनं मशीन 'उद्या नेतो' म्हणायचा, आणि ते दर वेळी गिऱ्हाइकाकडे जायचं. तिच्याचसाठी आणलेलं मशीन तिच्यापासून तीन पावलांवर पडून मरत होतं.

"तुम्ही ओरडाल म्हणून सांगितलं नाही," सबोहत म्हणाली.

बरं, ओरडणार तरी कुठल्या तोंडाने? मशीनचा बारीकसा दोष चिठ्ठीवर लिहिणाऱ्या माणसाने लेकीच्या दम्याची गोष्ट व्याह्यांना सांगितलीच नव्हती. तो सांगायला निघाला होता. सबोहतनेच हात धरला. "झाकली मूठ सव्वा लाखाची. याआधी दोन स्थळं त्यापायीच गेली. ही पोरगी काय मशीन आहे, गळ्यात चिठ्ठी बांधायला?" आणि तो गप्प बसला. मुलगा चांगला होता. ओयदिनला मनापासून आवडला होता. सगळी भिस्त आता या मशीनवर होती. सुनेने पहाटे उठून अंगण झाडायचं, ही आमची रीतच. त्याचं पाणी शिंपडून भागतं. खरा घात करतात ते घरातले गालिचे.

उस्ताने त्या दिवशी रांग परत पाठवली. मूठ उघडली तर सातही सेल ठार. वर आतल्या सर्किटच्या पट्टीने खबरदारी म्हणून बॅटरीला कुलूप घातलेलं. एकदा बॅटरी पार तळाला गेली की ही पट्टी पुन्हा करंट घेऊच देत नाही, नवे सेल घातले तरी. कारखानेवाल्यांची अक्कल! नवीन बॅटरी घ्या म्हणे, आणि ती बॅटरी मिळते कुठे, तर कुठेच नाही. उस्ताने दुसऱ्या फुटक्या मशीनची पट्टी काढून बसवली. काट्यावर एकवीस सेल तोलून त्यातले सात निवडले. संध्याकाळच्या आत मशीन घुंऽऽ करून बोललं. जोडणी आयुष्यातली सर्वांत नेटकी झाली.

दुसऱ्या दिवशी नवऱ्यामुलाची आई तोजिखोन रुखवत बघायला आली, सोबत तिची थोरली बहीण. तोजिखोन म्हणजे कडक काम. गादीचा कोपरा उलटून टाके मोजणारी. सगळं बघून झालं आणि ती मशीनपाशी थांबली.

"हे चालतं का हो, विहीणबाई, का नुसतं दाखवायला?"

सबोहतने नवऱ्याला हाक मारली. उस्ता आला, बटण दाबलं, गालिच्यावर सांडलेले पावाचे कण मशीनने क्षणात गिळले. थोरल्या बहिणीने "अगं बाई!" म्हणून गालावर बोट ठेवलं. सबोहतच्या जिवात जीव आला.

"छान आहे," तोजिखोन म्हणाली. "चांगलं गुंडाळून द्या. आमच्या लेकीचं, गुलरुखचं तीन वर्षांत लग्न करायचंय, तिच्या रुखवताला होईल. तोवर ट्रंकेत राहू दे."

"आणि... घरात?" सबोहतने कसंबसं विचारलं.

"घरात काय, झाडू आहे ना! सुनेला देवाने दोन हात दिलेत."

ओयदिन दाराशी चहाची किटली घेऊन उभी होती. तिने मान खाली घातली. तिचा बाप तिच्याकडे बघत होता. त्याला चार वर्षांपूर्वीची ती दवाखान्याची खाट दिसली. बोलावं तर परवाचं लग्न मोडणार. गप्प बसावं तर पोरगी तीन वर्षं त्या गालिच्यांवर झाडू घेऊन वाकणार.

"तोजिखोन-ओपा," मोठ्या बहिणीला हाक मारावी तसं तो म्हणाला, "एक दोष आहे. आधीच सांगतो."

सबोहतच्या हातातली बशी निसटली. संपलं, तिला वाटलं. हा बाबा आता सगळं ओकणार.

"दोष? कशात?" तोजिखोनचे डोळे बारीक झाले.

"मशीनमध्ये. हे ठेवून चालत नाही. रोज चालवावं लागतं. रोज सकाळी, घरातले सगळे गालिचे. एक दिवस खाडा झाला की बॅटरी आजारी पडते. आठवडा ठेवलंत की मेलीच समजा."

"रोज?"

"रोज. आणि हात बदलायचा नाही. एकीच्याच हाताची सवय लागते त्याला."

अहो, काय ही थाप! इतकी वर्षं सेलाला 'खोटा' म्हणून परत करणारा हा माणूस. आणि चेहरा असा ठेवला होता, जणू शपथेवर सांगतोय.

तोजिखोन काही दूधखुळी नव्हती. "उगाच काहीतरी! वस्तू ठेवून कधी मरते का?"

तेवढ्यात थोरली बहीण चुळबुळली. "नाही गं... माझ्या सुनेचं दीड वर्ष कपाटात होतं."

"मग?"

"परवा काढलं. मेलंय."

तोजिखोनने मशीनकडे पुन्हा एकदा बघितलं. काटकसरी बाईला सगळं सोसतं, वस्तू वाया गेलेली सोसत नाही. "ए मुली," ती ओयदिनला म्हणाली, "ऐकलंस ना वडील काय म्हणाले? रोज सकाळी. आळस केलास तर बघ!"

"बरं, ओयी," सासूला आई म्हणत ओयदिन बोलली आणि चटकन तोंड वळवून स्वयंपाकघरात गेली. हसायला गेली की रडायला, ते तिचं तिला ठाऊक.

लग्न झालं. थाप मात्र गावभर झाली. "हमदमने चांगलं म्हटलं ना" ची सवय लागलेल्या बायका दुकानात येऊन भांडायला लागल्या. आम्हाला दोन महिन्यांनी चालवा सांगता आणि विहिणीला रोज? हा कसला न्याय? उस्ता काय सांगणार! "त्या मशीनची जात वेगळी," म्हणायचा आणि मान खाली घालायचा. रोज इतकं चालवलं तर बॅटरी लवकरच झिजणार, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? लेकीला फोनवर विचारायची सोय नव्हती, सासूबाई शेजारीच असायच्या. ती भेटायला यायची तेव्हाही सोबत कुणी ना कुणी. "बरी आहे, दादा," एवढंच. आमच्याकडे बापाला दादा म्हणतात, आणि दादाला सासरचं खरं कधी सांगत नाहीत.

दीड वर्षाने एका सकाळी रांग मोडून तोजिखोन थेट टपरीवर आली आणि मशीन फळीवर आपटलं.

"हमदम उस्ता, तुम्ही खोटारडे आहात!"

अख्खी रांग कान टवकारून उभी. दोष आधी सांगणाऱ्या उस्ताला भर बाजारात कुणी खोटारडा म्हणालं नव्हतं.

"रोज चालवा म्हणालात, रोज चालवलं. ईदच्या दिवशी चालवलं. माझा दीर वारला, सुतकात कुणी केर काढतं का? पण मागच्या खोलीचं दार लावून घेतलं आणि सुनेला म्हटलं, चालव बाई, माणूस गेला तो गेला, मशीन तरी राहू दे! आणि आता पाच मिनिटांत बंद पडतंय! याला काय म्हणायचं?"

उस्ताने मूठ उघडली. सेल पार झिजले होते. पडून मेलेले नव्हते, राबून राबून झिजलेले. दीड वर्षात एक दिवससुद्धा खाडा नव्हता, हे त्याला सेल बघूनच कळलं.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "नवे सेल घालून देतो. पैसे नकोत."

"नकोतच! देणार कोण होतं?"

उस्ताने स्क्रू उगाच एकदा घट्ट केला, पुन्हा सैल केला. मग मान खाली ठेवूनच विचारलं, "ओयदिन कशी आहे? खोकला वगैरे?"

"कसला खोकला?" तोजिखोन म्हणाली.

उस्ताच्या डोळ्यांना धारा लागल्या. चष्मा काढला, पुसला, तरी थांबेनात. रांगेतल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. तोजिखोनही जरा वरमली. खोटारडा म्हटल्याचं म्हाताऱ्याला फारच लागलं की काय, असं तिला वाटलं.

"खोकला कुणाला झालाय, म्हणते मी?"

"मला झालाय, मला," उस्ता म्हणाला आणि खोटंखोटं खोकला. "या दुकानात धूळ फार आहे हो."

"मग घ्या की एखादं मशीन," तोजिखोन म्हणाली, "आणि रोज चालवा."