तुरा पडलेल्या कोंबड्या

"मॅम, या सगळ्या रिजेक्ट आहेत," सौरभ म्हणाला आणि शेडबाहेर रचलेल्या क्रेट्सकडे त्याने हात केला.

मी अजून गाडीच्या दाराशी चपला काढून गमबूट चढवत होते. बेंगळुरूबाहेर होसकोट्याच्या पुढच्या या फार्मवर मी दरवर्षी निवडीसाठी येते. म्हणजे निवड मी करते. ती करून ठेवलेली मला कधी मिळाली नव्हती. वाकून पहिल्या क्रेटमध्ये पाहिलं, मग दुसऱ्या. तिसऱ्या क्रेटपाशी माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी डोळे झाकून कळपात ठेवल्या असत्या अशा कोंबड्या त्यात कोंबल्या होत्या.

मी पोल्ट्रीची डॉक्टर. आधी सरकारी हॅचरीत नोकरी केली, आता बनशंकरी भागातल्या घरून कन्सल्टंट म्हणून फिरते. कोंबड्यांची डॉक्टर म्हणजे लस टोचणारी आणि जुलाबाचं औषध देणारी असं लोकांना वाटतं. माझं अर्धं काम असतं कलिंगचं, म्हणजे छाटणीचं. शुद्ध जातीचा कळप टिकवायचा तर पुढची पिल्लं कोणाची काढायची आणि कोणाची नाही, हे कोणीतरी ठरवावं लागतं. तुऱ्यात दोष, रंगात दोष, पायात दोष, असेल त्या पक्ष्याला ब्रीडिंगमधून काढायचं. त्यात दयामाया करून चालत नाही. तेव्हा छाटणीला माझा विरोध असण्याचं कारणच नाही.

हा कळप व्हाइट लेगहॉर्नचा. पांढरी शुभ्र, सडसडीत, अंड्यांसाठी नावाजलेली जात. तो जमवला मोहनअण्णांनी. अण्णा आमच्यासारख्याच जुन्या बेंगळुरी मराठी घरातले, घरात निम्मं कन्नड आणि निम्मं मराठी बोलणारे. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी या कोंबड्यांत घातली. प्रत्येक कुळाच्या पायात वेगळ्या रंगाची रिंग. निळ्या रिंगवालं कुळ त्यांचं सगळ्यात लाडकं, कारण त्यात तुऱ्याचा दोष जवळजवळ उरलाच नव्हता. गुडघे गेल्यावर त्यांनी एका स्टार्टअपशी भागीदारी केली. कंपनी 'हेरिटेज' अंडी घरपोच देते आणि शनिवार-रविवारी गिऱ्हाइकांना फार्म दाखवते. सौरभ त्या कंपनीचा ऑपरेशन्स हेड. पुण्याचा, हुशार, बोलायला गोड.

"कोणी काढल्या या?" मी विचारलं.

"आमच्या टीमने. ब्रीड स्टँडर्डप्रमाणे ग्रेडिंग केलं. तुमचा वेळ वाचावा म्हणून."

"कुठलं स्टँडर्ड?"

त्याने मला शेडच्या दाराशी नेलं. तिथे एक भलंमोठं लॅमिनेट केलेलं चित्र टांगलं होतं. आदर्श व्हाइट लेगहॉर्न. ताठ उभा तुरा, पाच टोकं, हळदीसारखे पिवळेधमक पाय, दुधासारखी पिसं. प्रत्येक अवयवाला बाण काढून खाली सूचना. चित्र झकास होतं. फक्त ते कोंबड्याचं होतं.

"सौरभ, हा नर आहे."

"हो, पण ब्रीड तीच ना, मॅम?"

लेगहॉर्नच्या नराचा तुरा ताठ उभा असायला हवा, हे खरं. मादीचं तसं नाही. ती अंड्यावर आली की तिचा तुरा भरतो, लालबुंद होतो आणि पहिलं टोक सोडून बाकीचा एका बाजूला छान कलतो. तो दोष नाही, तीच त्या जातीची खूण. उभ्या, आखूड तुऱ्याची लेगहॉर्न मादी दिसली की मला शंका येते, ही बाई अजून अंडी तरी घालते का? आणि यांनी नेमका तुरा पडलेली प्रत्येक कोंबडी उचलून क्रेटमध्ये टाकली होती. वर क्रेटवर मार्करने लिहिलं होतं, 'कोम डिफेक्ट', म्हणजे तुऱ्यात दोष.

"आणि या?" मी पलीकडची रास दाखवली.

"कलर फॉल्ट. पाय बघा ना, फिके पडलेत. पिसंही पिवळट. कस्टमरला आजारी वाटतात."

मी एक कोंबडी बाहेर काढली. पाय जवळजवळ पांढरे, चोच पांढरी, शेपटीची पिसं झिजलेली. गिरणी कामगारासारखी दमलेली दिसत होती बिचारी. आता हे नीट सांगते, कारण सगळी गोम इथेच आहे. कोंबडीच्या पायातला पिवळा रंग खाद्यातून येतो. ती अंडी घालायला लागली की तो रंग बलकात जायला लागतो. आधी चोच फिकी होते, शेवटी पाय. म्हणजे सगळ्यात पांढऱ्या पायांची कोंबडी ही सगळ्यात जास्त राबलेली. पिसांवरची पिवळी झाक उन्हाची. प्रदर्शनात तिला दोष धरतात, पण पीस उचलून मुळाशी पांढरं आहे का ते आधी बघायचं असतं. हिचं मुळाशी कापसासारखं पांढरं होतं.

"हात इकडे आण," मी सौरभला म्हटलं.

"मॅम?"

"ग्लोव्ह घाल आणि आण."

कोंबडीच्या शेपटीखाली दोन बारीक हाडं हाताला लागतात. अंडं त्यांच्यामधून येतं. अंडी घालणारीच्या हाडांत ऐसपैस जागा असते, न घालणारीची हाडं एकमेकींना चिकटायला आलेली असतात. मी त्याची बोटं तिथे ठेवली. तीन बोटं आरामात बसली. मग शेडमध्ये जाऊन त्याच्या 'ए ग्रेड'मधली एक आणली. पिवळेधमक पाय, नवीकोरी पिसं, छोटासा ताठ तुरा. लग्नाला निघाल्यासारखी. तिच्या हाडांत त्याचं एक बोटही धड बसेना.

"ही अंडी घालत नाही," मी म्हटलं. "म्हणून ती अशी दिसते. तुम्ही कामाच्या बायका घरी पाठवताय आणि नटून बसलेल्या ठेवून घेताय."

"मॅम, तुम्ही थोड्या इमोशनल होताय."

मी इमोशनल होते! होते खरी. माणसाने चूक केली तर मला राग येत नाही. चूक दाखवल्यावर त्याने माझी प्रकृती विचारली की येतो.

एवढ्यात शेडच्या आतून एक कोंबडा आरवला. त्याच्या तुऱ्याच्या मागच्या भागाला बाजूने एक जादा कोंब फुटलेला होता. याला आम्ही साइड स्प्रिग म्हणतो. एकेरी तुऱ्याच्या जातीत हा पक्का दोष, पिल्लांत उतरणारा. मी मागच्या खेपेलाच त्याला काढायला सांगितलं होतं.

"हा अजून इथे काय करतोय?"

"तो आमच्या कॅम्पेनचा फेस आहे, मॅम. मुलं म्हणतात, डबल क्राउन. रील्स बघा त्याच्या."

"त्याचे हवे तेवढे फोटो काढा. पिल्लं काढू नका."

निर्दोष माद्या खाटकाकडे आणि दोष असलेला नर माद्यांत. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, पण इथे बैल दुसऱ्याचा होता. ज्याचा होता, तो माणूस चिंचेखाली प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसला होता. मी तरातरा तिकडे गेले.

"अण्णा, हे तुमच्या डोळ्यांदेखत झालं?"

"झालं, डॉक्टरक्का."

"तुम्हाला कळत नाही? तुरा कसा पडायला हवा हे तुम्हीच मला या हातांनी दाखवलंत!"

अण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "कळतं की. पण ते येवढं मोठं पिक्चर आणले. बाण काढलेलं. इंग्लिशमध्ये लिवलेलं. मी म्हटलं, नवा रूल आला असेल. आपलं जुनं झालं असेल."

मला त्यांचाही राग आला, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. आयुष्यभर हाताने चाचपून शिकलेली गोष्ट या माणसाने एका लॅमिनेशनपुढे सोडून दिली होती. आणि त्याला तसं करायला लावणाऱ्याला आपण काही केलं याची जाणीवही नव्हती.

तेवढ्यात फाटकातून टेंपो आत आला. ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढून विचारलं, "लोड माडोदा, अण्णा?" भरू का, म्हणून.

"आला परत," सौरभ म्हणाला. "परत म्हणजे?" मी विचारलं.

सौरभ घसा साफ करत म्हणाला, "एक ट्रिप सकाळी गेली. ही सेकंड."

मी अण्णांकडे पाहिलं. "ठरवा. तुमच्या कोंबड्या आहेत. मी फक्त सांगू शकते."

"अण्णा, इन्व्हेस्टर व्हिजिट आहे उद्या," सौरभ मध्येच म्हणाला. "आपलं बोलणं झालं होतं."

अण्णा उठले. गुडघ्यावर हात दाबत टेंपोपर्यंत गेले आणि ड्रायव्हरला म्हणाले, "बेडप्पा, नको. एकही भरायची नाही. गाडी रिकामी घेऊन जा." मग मागे वळून सौरभला म्हणाले, "तुमचं पिक्चर तुमच्या हापिसात लावा. सरी? कळलं?"

क्रेट्स उघडले. कोंबड्या पंख झाडत बाहेर आल्या आणि थेट पाण्यावर गेल्या. अण्णा प्रत्येकीच्या पायाकडे बघत होते. लाल रिंग, हिरवी, पांढरी, परत लाल. सगळ्या बाहेर येऊन झाल्या तरी ते रिकाम्या क्रेट्समध्ये वाकून बघत होते.

"निळ्या कुठं आहेत?" त्यांनी विचारलं.

निळ्या रिंगवाल्या वयाने थोराड, सगळ्यात फिक्या पायांच्या, सगळ्यात मोठ्या पडलेल्या तुऱ्याच्या. त्या चित्राप्रमाणे सर्वांत आधी त्याच निघणार होत्या.

मी ड्रायव्हरकडून चिकनच्या दुकानाचा नंबर घेतला आणि फोन स्पीकरवर टाकला. मुद्दामच टाकला. "सुबह जो सफेद मुर्गियां आयी थीं, उनमें नीली रिंगवाली अलग रखो. मैं अभी आती हूं."

"वो तो सब कट गयी, मेडम," पलीकडचा माणूस खुशीत म्हणाला. "माल एकदम फर्स्ट क्लास था. एक-एक के पेट में अंडों की लडी. गिराक लोग बहुत खुश. और है क्या?"

मी फोन बंद केला. सौरभ बुटांकडे बघत होता. अण्णा शेडच्या मागे जाऊन नळ सोडून हात धूत राहिले. बऱ्याच वेळाने परत आले तेव्हा म्हणाले, "बाप हाय अजून त्यांचा. आई एक नाही राहिली."

त्या दिवशी निवड मी केली, नेहमीच्या पद्धतीने, एकेक कोंबडी हातात घेऊन. डबल क्राउनवाल्या हिरोला पुढच्या पिंजऱ्यात एकटं ठेवलं. सौरभच्या ए ग्रेडच्या सुंदऱ्या शेजारच्या पिंजऱ्यात, पाहुण्यांना दिसतील अशा. निळ्या कुळाच्या नराला आम्ही लाल रिंगवाल्या माद्या दिल्या, त्यांच्या कुळात तुऱ्याचा दोष अजून थोडा दडलेला होता. पिल्लं निघाली, बरी आहेत, पण काहींच्या तुऱ्यावर तो जादा कोंब परत दिसायला लागला आहे. ज्याला अण्णांनी उमेदीची वर्षं घालून हाकललं होतं, तो एका सकाळच्या नीटनेटक्या ग्रेडिंगने परत घरात आला. आता पुन्हा छाटत बसायचं. अण्णांचं वय बघता ते कोणी बसायचं, हा विषय आम्ही काढत नाही.

पुढे सौरभचा मेसेज आला. पाहुण्यांसाठी ठेवलेल्या त्या ए ग्रेडच्या कोंबड्या दिसायला फिट आहेत, खाणं भरपूर आहे, पण अंडी देत नाहीत. एखादं टॉनिक सुचवाल का?

मी लिहिलं, टॉनिक नको. त्यांना काहीही झालेलं नाही. तुम्ही निवडल्यात तेव्हाही त्या देत नव्हत्या.