व्याह्यांचं जॅकेट आणि एप्रिलचं ऊन

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, अमरावतीत पारा त्रेचाळीसवर असताना, भर दुपारी मला थंडी वाजून आली. निदान गावंडे साहेबांना तरी मी तसं सांगितलं.

गावंडे साहेब म्हणजे आमचे व्याही. राहणार अकोला, कृषी खात्यातून निवृत्त, आणि अत्यंत टापटिपीचा माणूस. (छत्रीच्या दांड्यावर स्वतःचं नाव रंगवून घेणारे लोक जगात थोडेच असतील. त्यांतले एक आमच्या वाट्याला आले.) त्यांचा मुलगा आणि आमची अश्विनी लग्नानंतर जर्मनीत गेले. तिथून दोघांनी आम्हा नवरा-बायकोसाठी डॅन्यूब नदीवरच्या आठ दिवसांच्या सफरीची तिकिटं काढली. बोटीतच राहायचं, बोटीतच जेवायचं आणि काठावरची गावं बघत पुढे जायचं. मी एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. डॅन्यूब कोणकोणत्या देशांतून वाहते हे मी पोरांकडून इतक्या वेळा घोकून घेतलं होतं, की ती आपल्याच शेताच्या धुऱ्यावरून जाते असं मला वाटायला लागलं होतं. प्रत्यक्षात मी पाहिलेली सगळ्यात मोठी नदी म्हणजे दर्यापूरकडे जाताना लागणारी पूर्णा, तीही एसटीच्या खिडकीतून.

माझी बायको सुनंदा हिची तयारी माझ्यापेक्षा पक्की होती. तिने जन्मात कधी बूट घातले नव्हते. जानेवारीपासून ती रोज सकाळी नऊवारी सोडून बाकी कशावरही, म्हणजे साडीवर, गाऊनवर, पंजाबी ड्रेसवर बूट चढवून कॉलनीला चार फेऱ्या मारायची. कोणी विचारलं तर "नदीवर जाऊन राहिली" एवढंच सांगायची. तिला किती मनापासून जायचं आहे, हे मला त्या बुटांनी सांगितलं. ती स्वतः काही बोलली नव्हती.

निघायला आठ दिवस उरले तेव्हा बॅगा भरल्या. विमानात प्रत्येकी तेवीस किलो चालतात. घरात वजनकाटा नव्हता, म्हणून मी दोन्ही बॅगा ऑटोत घालून पिठाच्या गिरणीवर नेल्या. गिरणीवाल्याने वर न बघताच "बारीक की जाडं?" म्हणून विचारलं. काट्यावर एक बॅग सत्तावीस भरली, दुसरी एकोणतीस.

घरी येऊन मी सुनंदाला काही वस्तू काढायला सांगितल्या. तिच्या बॅगेत जवसाची चटणी, शेंगदाण्याची चटणी, मुगवड्या आणि लेकीसाठी केलेले तिळाचे लाडू होते. यांतलं काहीही निघणार नाही, असं तिने शांतपणे कळवलं. मग मी डोकं लावलं. विमानात बॅगेचं वजन करतात, माणसाचं करत नाहीत. तेव्हा जड कपडे सगळे अंगावर घालायचे. दोन थर्मल, त्यावर स्वेटर, त्यावर जॅकेट, आणि जॅकेटच्या खिशांत मावेल तितकं सामान. सुनंदा म्हणाली, "जाऊन राहिले युरोपात, अन् दिसान गोधडीवानी." मी तिकडे लक्ष दिलं नाही. एकतीस वर्षं वर्गात उभं राहिलेल्या माणसाला लक्ष न देण्याची सवय असते.

जॅकेट गावंडे साहेबांचं होतं. काही वर्षांपूर्वी ते शेती पाहायला म्हणून युरोपात जाऊन आले होते, तेव्हा घेतलेलं. गुडघ्यापर्यंत लांब, आत पिसं भरलेली. कडुलिंबाच्या पाल्यात ठेवलेलं ते जॅकेट त्यांनी महिनाभर आधी स्वतः आणून दिलं होतं आणि देताना चेन सांभाळून लावायला सांगितलं होतं. सांगताना ते जरासे घुटमळले होते. मला वाटलं, जॅकेट द्यायचं जिवावर आलं असेल.

मला थंडी वाजली त्या दिवशी साहेब आणि विहीणबाई आम्हाला निरोप द्यायला जेवायला येणार होते. ते साडेबाराला पोहोचणार. अकरा वाजता मला वाटलं, तेवढ्यात एक रंगीत तालीम करून घ्यावी. दोन थर्मल घातले, स्वेटर घातला, जॅकेट चढवलं, खिशांत चार्जर, औषधं आणि चटणीची पाकिटं कोंबली आणि चेन हनुवटीपर्यंत ओढली. आरशात पाहिलं, तर ध्रुवावर निघाल्यासारखा दिसत होतो. त्याच क्षणी वीज गेली आणि कूलर थांबला.

मी चेन खाली ओढली. ती आली नाही. वर ओढली, तर वरही गेली नाही. स्वेटरची लोकर तिच्या दातांत पक्की अडकली होती. सुनंदाने आधी ओढून पाहिलं, मग खोबरेल तेल लावून पाहिलं, मग जॅकेट डोक्यावरून काढायचा प्रयत्न केला. ते माझ्या पोटापाशी येऊन थांबलं. (पोट माझं असलं तरी पंचवीस वर्षांचा हातभार तिच्या स्वयंपाकाचा आहे, हे नमूद करतो.) शेवटी ती कात्री घेऊन आली. मी दोन पावलं मागे सरकलो. व्याह्यांची वस्तू, तीही गावंडे साहेबांची. फाडून परत द्यायची कोणत्या तोंडाने? लेक त्यांच्या घरात दिली आहे.

"मंग काय असेच बसान?" सुनंदा म्हणाली.

एवढ्यात फाटक वाजलं. टापटिपीच्या माणसाचा हाच दोष, तो वेळेच्या आधी येतो.

साहेब आत आले आणि दारातच थबकले. मी सोफ्यावर बसलो होतो, गळ्यापर्यंत बंद, कपाळावरून घामाच्या धारा. त्यांनी विचारलं, "सर, हे काय? काहून घातलं आत्ताच?"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "थंडी वाजून राहिली."

सुनंदाने माझ्याकडे एकदाच पाहिलं. त्या एका नजरेत आमच्या संसाराचा पूर्ण आढावा होता. मग ती पाणी आणायला आत गेली.

विहीणबाईंनी माझ्या कपाळाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा काढला. हिवताप असणार, असं त्यांनी ठरवलं. बघता बघता माझ्या अंगावर चादर आली, चादरीवर ब्लँकेट आलं आणि हातात मिरे-सुंठीचा उकळता काढा आला. मी तो प्यालो. प्रत्येक घोटाबरोबर घाम वाढत होता, आणि घाम वाढला तसा विहीणबाईंना ताप उतरत असल्याचा आनंद होत होता. त्यांनी दुसरा पेला केला.

साहेब स्वतः जाऊन कॉलनीतल्या डॉक्टरांना घेऊन आले. डॉक्टरांनी तोंडात थर्मामीटर ठेवलं. काढा नुकताच प्यालो होतो, त्यामुळे पारा चांगलाच चढला. छाती तपासायला त्यांनी जॅकेट उघडायला सांगितलं. मी नकारार्थी मान हलवली. रक्त घ्यायला बाही वर करायला सांगितली, तर आत तीन बाह्या असल्याने हात कोपरात वाकेना. डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले, की रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंत काही सांगता येत नाही, आणि या अवस्थेत परदेश प्रवास तर मुळीच नको.

साहेबांनी तिथूनच जर्मनीला व्हिडिओ कॉल लावला. फोनवर अश्विनी दिसली. ब्लँकेटमधून बाहेर आलेलं माझं लाल तोंड पाहून तिचे डोळे भरून आले. ती म्हणाली, "बाबा, काही काळजी करू नका. तब्येत आधी. मी आत्ताच बुकिंग कॅन्सल करते."

मी सुनंदाकडे पाहिलं. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. पदराने हात पुसत राहिली, कोरडे झाले तरी पुसत राहिली. दारामागे तिचे बूट ठेवलेले होते, टाचेकडून झिजलेले. तीन महिने ती ज्या नदीवर चालत निघाली होती, ती माझ्या एका थापेने आटणार होती.

"थांब बाई," मी म्हणालो. "मले काही झालं नाही. चेन अडकली."

डॉक्टरांनी रक्त काढायची सुई हळूच परत ठेवली. मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. गिरणी, सत्तावीस किलो, थर्मल, आणि व्याह्यांचं जॅकेट फाटू नये म्हणून केलेलं हिवतापाचं सोंग. साहेबांकडे बघायची माझी हिंमत नव्हती.

साहेब उठले, माझ्याजवळ आले आणि चेन निरखू लागले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "सर, ही चेन अशीच अडकते. तिकडेबी अडकली होती. मी तीन दिवस याच्यातच होतो."

विहीणबाई झटकन वळल्या. "मंग तुमी थंडीनं जॅकेट घालून झोपत होते म्हणून सांगतलं, थे?"

"थे हेच," साहेब म्हणाले.

बरोबरच्या मंडळींत हसं होऊ नये म्हणून त्यांनी तीन दिवस ना कोणाला सांगितलं, ना मदत मागितली. आणि बिघडलेली वस्तू व्याह्याला दिली असं वाटू नये म्हणून मलाही सांगितलं नव्हतं. त्यांनी मेणबत्ती मागितली, चेनीच्या दातांवर घासली, लोकरीचा धागा बोटाने एका बाजूला ओढला आणि चेन सर्रकन खाली आली. मी आतून वाफ सोडणाऱ्या कुकरसारखा बाहेर पडलो. खिशांतली चटणीची पाकिटं डॉक्टरांच्या पायाशी सांडली. त्यांनी औषध म्हणून तीन पेले मठ्ठा लिहून दिला आणि जेवायला थांबले. फोनवर अश्विनी अजून रडत होती, पण आता हसून.

जेवण झाल्यावर सुनंदाने माझी बॅग उघडली. तीच एकोणतीस किलोची होती. तिच्यातून शाळेचा जाडजूड नकाशासंग्रह निघाला, कपडे वाळवायची दोरी निघाली, तीन कुलपं, एक एक्स्टेन्शन बोर्ड आणि खिडकीतून नदी पाहताना कंटाळा आला तर म्हणून घेतलेले शब्दकोड्यांचे पाच अंक निघाले. एवढं काढल्यावर तिच्या चटण्याही माझ्या बॅगेत आरामात बसल्या.

आम्ही गेलो. जॅकेट साहेबांबरोबर अकोल्याला परत गेलं. नदीवर आठही दिवस कोवळं ऊन होतं, झाडांना नवी पालवी होती आणि सुनंदा बूट घालून रोज काठावर उतरायची. मी डेकवरच्या खुर्चीत अर्ध्या बाहीच्या शर्टात बसून तिला हात करायचो. आजवर इतका सुखात मी कधी बसलो नव्हतो.

परत आल्यापासून लोक मोठ्या हौसेने प्रवासवर्णन ऐकायला येतात. मी पडद्यावर फोटो लावून, पट्टी घेऊन तयार असतो. पण सुरुवात सुनंदा करते, आणि ती पिठाच्या गिरणीपासून करते. पाहुणे हसता हसता चहा पितात, डोळे पुसतात आणि घरी जायला उठतात. वर्ष होत आलं, आमची बोट अजून एकदाही धक्क्यावरून सुटलेली नाही.