डोळे काढायचे राहिले

तेव्हा हमरापूरच्या कारखान्यात आम्ही तिघंच होतो, गणपती रंगवणारी मी, आमचा शेठ आणि परमुलखातून आलेला एक पेंटर. ओल्या चुन्याचा वास आला की मला तो पेंटर आठवतो. त्याच्या गावात दंगल झालेली, घरं जाळलेली. जेवणाच्या सुट्टीत तो तेच मागच्या भिंतीवर रंगवायचा, पळणारी माणसं आणि पुढं त्याची आई. मी कुरकुरले तर शेठ हसला, "काढू दे गो, मागची भिंत कोण बघतंय!" आम्ही गणपतीचे डोळे शेवटाला काढतो, तसे त्यानं आईचेपण ठेवलेले. "मावशी, उद्या समोर बसा. आईचे डोळे तुमच्यासारखेच हाय," म्हणाला. मी घाबरले. दंगलीच्या चित्रात माझे डोळे दिसले आन् पोलीस आले तर? तो घरी गेल्यावर मी सगळ्यावर चुना फासला. सकाळी त्यानं विचारलं, "कोणी केला, मावशी?" मी म्हटलं, "शेठनं." तो शेठला जाब न विचारताच पिशवी उचलून गेला. आता माझं वय झालं, ब्रश धरवत नाय. तुमाला तो कुठं भेटला तर येवढं सांगा, शेठनं नाय, मावशीनं पुसलं.