भाऊजी, डोळे मिटू नका!

आमचे वसंतभाऊजी दारू पीत नव्हते.

एवढं एक वाक्य सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. विषय निघाला, की मला पाण्याची मोटर बंद करायची आठवण यायची! आता भाऊजी नाहीत आणि मी तरी किती दिवस मोटर बंद करत राहणार? म्हणून लिहितो.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. देवळीला भाजीपाल्याची वाडी. सुपारीचं खांडही तोंडात न टाकणारा माणूस. आणि मी वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेतल्या आमच्या कॉलनीच्या गणेश मंडळाचा अध्यक्ष, माईक हाती आला की न सोडणारा. त्या वर्षी रोज आरतीआधी मी व्यसनमुक्तीवर भाषण ठोकत होतो. (आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे. म्हणजे दारू मिळत नाही असं नव्हे. पिणाऱ्याची बदनामी दुप्पट होते, एवढंच!)

गणपतीला ताई आणि भाऊजी आले. भाऊजी फाटकातून शिरले ते पाय फाकवून, धपधप आपटत, नजर जमिनीवर. एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी!

"भाऊजी, एक चप्पल कुठी गेली जी?"

त्यांनी खाली पाहिलं आणि माझ्याइतकेच हादरले. "अरेच्चा! आत्ता त होती!"

चप्पल कोपऱ्यावरच्या पानठेल्यापाशी सापडली. पायातली चप्पल निघते आणि माणसाला कळत नाही? मी चाट पडलो. तेवढ्यात न्हाणीघरातून धडाम! जाऊन बघतो तर भाऊजी तोंडाला साबण फासून बादलीत बसलेले!

"डोळे मिटले अन् पडलो, राजा," ते म्हणाले.

उठवताना मी हळूच तोंडाचा वास घेतला. साबणाचाच होता. मनात म्हटलं, गडी चांगलाच मुरलेला दिसतो!

ताईला बाजूला घेतलं. "ताई, भाऊजी कवापासून...?" अंगठा तोंडाकडे नेऊन खूण केली.

"तुह्या डोक्यावर परिणाम झाला का रे? काऊन असं बोलून राह्यला?" ताईने असे डोळे वटारले, की मी अंगठा खिशात घातला.

संध्याकाळी आरती झाली. रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी डोळे मिटले आणि जागच्या जागी स्वतःभोवती फेरी घेतली. भाऊजींनीही डोळे मिटले, आणि तोडलेल्या झाडासारखे आडवे झाले ते थेट मोदकांच्या परातीत! परात उडाली, मोदक माझ्या सदऱ्यावर, आणि मी किंचाळलो, "भाऊजी! पेऊन आले का जी तुमी?"

माईक चालू होता. (मी तो बंद कधी करत होतो?)

भाऊजींनी परातीतूनच माझ्याकडे पाहिलं. मिळेल त्या एसटीने ताई त्यांना घेऊन देवळीला निघून गेली. पण एसटीच्या आधी बातमी पोचली होती! भाऊजी बाजारात भाजी घेऊन बसले, की गिऱ्हाइकं डोळे मिचकावून विचारत, "काकाजी, आज काटा सरळ दिसून राह्यला न?" शेवटी भाऊजींनी बाजारात बसणंच सोडलं.

पुढे भाचीने त्यांना वर्ध्याला डॉक्टरकडे नेलं आणि मलाही बोलावून घेतलं. डॉक्टर म्हणाले, "पाय जुळवून उभे राहा. आता डोळे मिटा." भाऊजी थेट माझ्या अंगावर! मग पलंगावर झोपवून डॉक्टरांनी त्यांच्या पायाचा अंगठा धरला. "डोळे मिटूनच सांगा, अंगठा वर केला की खाली?"

भाऊजींनी बराच विचार केला. "कोनाचा अंगठा?"

मला हसू फुटलं. डॉक्टर हसले नाहीत. "आपण कुठे आहोत हे पाय सतत मेंदूला कळवत असतात, म्हणून आपण न बघता चालतो. जीवनसत्त्व कमी पडल्यामुळे यांच्या पायांचा निरोप वर पोचतच नाही. स्पर्शही कळत नाही. हे डोळ्यांनी बघून पाय टाकतात. डोळे मिटले, की पाय हरवले."

हा माणूस स्वतःच्याच पायांवर पाळत ठेवून उभा राहत होता, आणि मी त्याला सगळ्या कॉलनीसमोर डोळे मिटायला लावून वर बेवडा ठरवला!

"मामा, आता माईकवरून सांगसान न सगळ्याइले?" भाचीने विचारलं.

"सांगतो न!"

पुढच्या गणपतीत मी माईक हातात घेतला, घसा खाकरला, आणि सर्वांनी पाण्याच्या मोटरी वेळेवर बंद कराव्यात अशी सूचना केली.

इंजेक्शनांनी भाऊजींची चाल बरीच सुधारली, पाय मात्र बधिरच राहिले. त्या भाऊबीजेला मी ठरवूनच देवळीला गेलो. भाऊजी अंगणात खुर्चीवर, पाय स्टुलावर, डोळे मिटलेले. हाक न मारता मी सरळ गुडघे टेकले, दोन्ही पाय घट्ट धरले आणि त्यांवर डोकं ठेवलं. डोळ्यांतलं पाणी त्यांच्या घोट्यांवरून ओघळलं. आता डोक्यावर हात येईल, मग येईल... हात काही येईना!

शेवटी मला हुंदका फुटला, तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि दचकलेच.

"अरे मधू! तू कवा आला? अन् खाली बसून काय शोधून राह्यला?"

सगळी माफी घशाशी आली होती.

"काही नाई जी," मी म्हणालो. "तुमची चप्पल."