डावीकडचं फूल

आखातातल्या अल सुलैच्या कामगार कॅम्पात कुणी बाम चोळला की अजून माझं डोकं फिरतं. त्या सकाळी माझ्या खोलीतला वेल्डर दत्ताराम छातीला बाम चोळत बसला होता. डॉक्टरने तातडीने ऑपरेशन सांगितलेलं. पण गावी बायकोने देवाला फुलं लावून कौल मागितला, आणि डावीकडचं फूल पडलं. म्हणजे नकार.

"देव नको म्हणतोय रे."

"देवाने तुझा ईसीजी बघितला काय?" मी ओरडलो. तो नुसता हसला.

आठवड्याभरात त्याला पेटीतून गावी पाठवला. फोनवर वहिनी रडत म्हणाली, "भावोजी, वेळच वाईट होती. देवाने आधीच सांगितलं होतं."

मी फोन ठेवला. दत्ताराम गेला, आणि गावात देवाचा मान तेवढा वाढला.